गोव्यातील मुलांचा खेळ आणि आहार : संध्याकाळचा तास त्यांना परत कसा मिळेल?

कुळागर (फोंडा)

नमस्कार. गेले काही दिवस मनात घोळत असलेला विषय या चर्चामंचावर मांडतो आहे आणि गोव्यातील पालक, शिक्षक व स्वतः विद्यार्थी यांनी त्यावर लिहावे, अशी विनंती करतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या मधुमेहविषयक सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाच्या प्रमाणात गोवा सर्व राज्यांच्या पुढे होता. देशाचे प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्याचे २६.४ टक्के. हे आकडे वीस वर्षांवरील प्रौढांचे आहेत, हे खरे. परंतु त्या प्रौढांच्या जेवणाच्या, बसण्याच्या आणि चालण्याच्या सवयी शाळेच्या वयातच पक्क्या झालेल्या असतात, आणि आज सातवी-आठवीत असलेली मुले आणखी पंधरा वर्षांनी याच सर्वेक्षणात मोजली जाणार आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलामुलींनी दररोज सरासरी साठ मिनिटे, श्वासाची गती वाढेल इतपत शारीरिक हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायामही त्यात असावेत. जगभरातील अकरा ते सतरा वर्षे वयाची सुमारे ८१ टक्के मुले एवढी हालचाल करत नाहीत, आणि मुलींचे प्रमाण मुलांहून अधिक वाईट आहे.

आपल्याकडे या विषयावर व्याख्याने पुष्कळ होतात. 'मोबाईल सोडा, मैदानावर जा' हे वाक्य मुलांनी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला आता काही अर्थ उरलेला नाही. मला वेगळाच प्रश्न विचारायचा आहे : मैदानावर जायचे म्हटले, तर मुलाने नेमके कोणत्या वेळी जायचे? गोव्यातील बहुतेक शाळा सकाळच्या एकाच सत्रात भरतात आणि दुपारी दीडच्या सुमारास सुटतात. वेळापत्रक पाहून परराज्यातील माणसाला वाटेल की येथील मुलांना खेळायला संपूर्ण दुपार मोकळी असते. प्रत्यक्षात जेवण होईपर्यंत अडीच वाजतात, उन्हात बाहेर पडता येत नाही, चार वाजता पहिली शिकवणी सुरू होते, तिच्यामागून दुसरी, आणि हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मूल घरी परतते तेव्हा अंधार पडलेला असतो आणि त्याच्या हाती उरतो तो मोबाईलच. हे वेळापत्रक मुलाने आखलेले नाही. ते आपण मोठ्यांनी आखले आहे.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक गावात पालकांनी आणि शिकवणी घेणाऱ्यांनी मिळून ठरवावे की संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळेत दहावीपर्यंतच्या एकाही मुलाची शिकवणी होणार नाही. एका घराने हे ठरवून भागत नाही, कारण मैदानावर सवंगडीच नसतील, तर एकटे मूल तेथे जाऊन काय करणार? आहाराबाबतही माझे मत असेच आहे : मुलाला 'हे खाऊ नकोस' म्हणण्याआधी घरात, शाळेच्या फाटकापाशी आणि वाढदिवसाच्या ताटात आपण काय ठेवतो, ते बदलले पाहिजे.

मैदान (पेडणे)

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. आपल्या प्रस्तावाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, परंतु वेळ मोकळा झाला म्हणजे सर्व मुले खेळू लागतील, असे मला वाटत नाही. आपल्या शाळांतून खेळ शिकवला जातो तो मुख्यतः निवडीसाठी. तालुका पातळीवरील स्पर्धा जवळ आली की बारा-पंधरा मुलांचा संघ निवडला जातो, त्यांचा सराव होतो, त्यांची नावे फलकावर लागतात, आणि वर्गातील उरलेली मुले कडेला उभी राहून पाहतात. ज्या मुलाला हालचालीची सर्वांत अधिक गरज आहे, तेच सर्वांत आधी 'बाद' होते आणि उरलेला तास बसून काढते. अशा मुलाच्या मनात दोन-तीन वर्षांत पक्के बसते की खेळ हे आपले काम नव्हे. नंतर कितीही समजावले तरी ते परत येत नाही.

मी माझ्या तासाला एक नियम पाळतो : बाद झालेला विद्यार्थी बसत नाही, तो कडेला दोरीउड्या मारतो किंवा मैदानाला एक फेरी घालून पुन्हा खेळात येतो. चेंडू एकच असेल तर चाळीस मुलांचा एक सामना लावण्याऐवजी लहान लहान गट करून वेगवेगळे खेळ लावतो. यासाठी पैसा लागत नाही, मात्र शिक्षकाला तासभर उभे राहावे लागते आणि विषयाला 'फुकटचा तास' समजून तो गणितासाठी मागून घेणाऱ्या सहकाऱ्यांना ठामपणे नकार द्यावा लागतो.

सुविधांविषयीही लिहितो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. पेडे (म्हापसा), बांबोळी, ताळगाव, नावेली, फातोर्डा येथील क्रीडासंकुले उत्तम आहेत आणि त्यांचा अभिमान वाटतो. परंतु आमच्या तालुक्यातील गावातले मूल शेवटची बस चुकण्याच्या भीतीने संध्याकाळी म्हापशापर्यंत जाऊ शकत नाही. त्याला चालत जाता येईल असे, गवत कापलेले, काचा उचललेले साधे मैदान हवे आहे. शिवाय जून ते सप्टेंबर हे चार महिने आमचे मैदान पाण्याखाली असते. वर्षाचा तिसरा हिस्सा असा जातो, आणि पावसाळ्यापूर्वी लागलेली सवय पावसाळ्यात मोडते.

अबोली (बार्देश)

मी बारावीत शिकते. या चर्चेत आमच्या वयाचे कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या गावात मैदान आहे आणि ते रोज संध्याकाळी भरलेलेही असते, पण तेथे केवळ मुलगे असतात. कोणी आम्हाला 'येऊ नका' असे म्हटलेले नाही. मोठी मुले क्रिकेट खेळत असतात, चेंडू सगळीकडे जातो, कडेला दुचाकींवर बसलेली माणसे असतात, दिवा नाही, आणि जवळपास शौचालयही नाही. सातवीपर्यंत आम्ही मैत्रिणी तेथे जात होतो. आठवीत एकीने जाणे सोडले, मग दुसरीने, आणि नंतर कोणीच गेले नाही. घरच्यांनीही 'आता मोठी झालीस' एवढेच सांगितले. जगभरात मुलींची हालचाल कमी असल्याचे आपण लिहिले आहे, त्यामागे आळस आहे असे कोणी समजू नये.

दुसरी गोष्ट. घरात जेवताना किंवा नातेवाइकांच्या समारंभात आमच्या वजनावर जे बोलले जाते, त्याने कोणीही निरोगी होत नाही. माझी एक मैत्रीण असे बोलणे ऐकून सकाळचे खाणे सोडून देत असे आणि प्रार्थनेच्या वेळी तिला चक्कर येत असे. 'बारीक हो' हे ऐकणे आणि 'चल, माझ्याबरोबर फिरायला चल' हे ऐकणे यांत फार अंतर आहे. मोठ्यांनी दुसरे वाक्य बोलावे, ही मनापासून विनंती आहे.

तिजण (डिचोली)

अबोली, तू लिहिलेस ते फार महत्त्वाचे आहे. आहारतज्ज्ञ म्हणून मी शाळांमध्ये जाते तेव्हा मुलांचे वजन सर्वांसमोर करू देत नाही, आणि कोणत्याही पदार्थाला 'पापी' ठरवत नाही. वाढत्या वयात उपाशी राहून वजन कमी करणे धोक्याचे आहे, कारण आयुष्यभर पुरायचा हाडांचा साठा बहुतांशी अठरा-वीस वर्षांपर्यंतच तयार होतो. तुझ्या मैत्रिणीला चक्कर येण्यामागे रक्तक्षयही असू शकतो. तिने एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

आता जेवणाविषयी थोडे सविस्तर लिहिते. निरोगी आहार म्हटले की आपल्याकडे ओट्स, किनोआ आणि परदेशी फळे यांची नावे घेतली जातात, आणि सामान्य घराला वाटते की हे आपल्या खिशाला परवडणारे नाही. गोव्याच्या स्वयंपाकघरात मात्र बहुतेक सर्व आधीपासून आहे. उकड्या तांदळाची पेज घ्या. भात भरडण्यापूर्वी उकडला जातो, त्यामुळे कोंड्याजवळची ब जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात आणि पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा अधिक टिकतात. शेतात राबणारी माणसे सकाळी दहा-अकराला पेज पीत, तिच्याबरोबर एखादी सुकी भाजी किंवा किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) असे. नाचणीचे तिजण किंवा आंबील घ्या : शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि दुधाला नाक मुरडणाऱ्या मुलांना ते सहज देता येते. गूळ मात्र बेताने घालावा, कारण शरीराच्या दृष्टीने तीही साखरच आहे. बांगडा आणि तारले हे स्वस्त मासे प्रथिने आणि ओमेगा-३ स्निग्धाम्ले यांनी समृद्ध आहेत. इसवण (सुरमई) महाग म्हणून ते अधिक पौष्टिक, असे काही नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा अळसांदे (मोठी चवळी), कुळीथ आणि मूग आहेतच. तांबड्या भाजीवर लिंबू पिळले, तर त्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर कमी शोषले जाते. रक्तक्षय असलेल्या मुलींच्या घरी एवढी एक गोष्ट पाळली, तरी उपयोग होतो.

अडचण आहे ती सकाळची. शाळा लवकर भरते, मूल अर्धवट झोपेत दुधात बिस्किटे बुडवून निघते, आणि मधल्या सुट्टीत भुकेने कासावीस होऊन समोर दिसेल ते खाते. त्या वेळी समोर असतात समोसे, मिरचीभजी, वेफर्सची पाकिटे आणि शीतपेये. साधारण गोड शीतपेयात शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे तीनशे मिलिलिटरच्या एका बाटलीत सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी वरून मिसळलेली साखर दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी आणि शक्यतो पाच टक्क्यांहून कमी असावी. दोन हजार उष्मांक घेणाऱ्या व्यक्तीसाठी पाच टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅम. एका बाटलीतच ती मर्यादा ओलांडली जाते.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार अतिरिक्त मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकता येत नाहीत. पालक-शिक्षक संघांनी हा नियम मोठ्याने वाचून दाखवावा. त्याबरोबरच गाडेवाल्याच्या पोटावर पाय देऊ नये, असेही मी आग्रहाने सांगते. त्याच गाड्यावर उकडलेले चणे, उकडलेली अंडी, केळी, सोलकढी आणि पोदेराकडील (पाववाल्याकडील) कोंड्याच्या पोईत, म्हणजे गोल पावात, घातलेली उसळ विकली गेली, तर मुले तेही घेतात, कारण भुकेल्या मुलाला सर्वांत आधी हवे असते ते ताजे, खमंग आणि परवडणारे खाणे.

पणजीकर पालक (पणजी)

चर्चा चांगली आहे, परंतु दहावीच्या वर्षी शिकवणी सोडण्याचा सल्ला कोणता पालक ऐकेल? स्पर्धा तीव्र आहे. खेळून गुण मिळत नाहीत, आणि पुढील प्रवेश गुणांवरच अवलंबून असतात. गावात हे जमेल. शहरात प्रत्येक शिकवणीवर्गाची वेळ वेगळी आहे.

कुळागर (फोंडा)

आपली चिंता रास्त आहे. मी शिकवणी सोडण्यास सांगितलेले नाही. तिची वेळ हलवावी, एवढेच म्हणणे आहे. दुपारी तीन ते साडेचार किंवा संध्याकाळी सातनंतर तोच वर्ग घेता येतो. गुणांबाबत म्हणाल, तर ज्या २०२० च्या सूचनांचा मी उल्लेख केला, त्यांतच नियमित हालचालीमुळे मुलांची अभ्यासातील कामगिरी आणि लक्ष केंद्रित करण्याची क्षमता सुधारते, असे नमूद आहे. किशोरवयीनांना आठ ते दहा तास झोप लागते. जे मूल संध्याकाळी धावलेले असते, ते रात्री वेळेवर झोपते आणि सकाळी वर्गात जागे असते. शहरात सर्व वर्गांची वेळ जुळवणे कठीण आहे, हे मान्य आहे. तेथे एका इमारतीतील किंवा एका वाड्यावरील सात-आठ घरांनी आपापसांत ठरवले, तरी खेळायला पुरेशी मुले जमतात.

माटोळी (सत्तरी)

आमचा महिलांचा स्वयंसाहाय्य गट शाळेला माध्यान्ह आहार पुरवतो, म्हणून त्या बाजूने लिहिते. गोव्यात शाळांतील हा आहार मोठ्या प्रमाणात आमच्यासारखे गटच करतात. नियमानुसार प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. पाव-भाजी वारंवार का असते, असे पालक विचारतात. पाव वाटायला सोपा असतो, ताटे धुवावी लागत नाहीत, मधली सुट्टी लहान असते, आणि एका ताटामागे मिळणारी रक्कम फार थोडी असते. या चारही गोष्टींचा विचार केल्याशिवाय आम्हाला 'पौष्टिक करा' असे सांगणे सोपे आहे.

तरीही आम्ही करतो त्यातील काही सांगते. बटाटा कमी करून भाजीत अळसांदे किंवा मोड आलेले मूग वाढवले, की प्रथिने वाढतात आणि खर्च फारसा वाढत नाही. पहिल्या आठवड्यात मुलांनी पुष्कळ टाकले. मग वाटणात थोडा खोबऱ्याचा रस वाढवला, तिखट कमी केले आणि एका शिक्षिकेने मुलांसोबत बसून तेच खाल्ले. मुले खाऊ लागली. शिक्षक मुलांबरोबर बसून जेवले, तर निम्मे काम होते, असा माझा ठाम अनुभव आहे.

चतुर्थीला आपण गणपतीवर माटोळी बांधतो. तिला लावलेली कितीतरी रानफळे आणि भाज्या आजच्या मुलांना नावानेही ओळखता येत नाहीत. आमच्या येथे मुले मोठ्यांबरोबर रानात माटोळीचे सामान आणायला जातात, तेव्हा चार-पाच तास डोंगर चढतात-उतरतात आणि कोणी त्याला व्यायाम म्हणत नाही. शाळांनी पावसाळ्यात अशी एखादी फेरी जाणत्या माणसाबरोबर काढावी. टाकळा कोणता, अळू कोणते, हे मुलांनी स्वतः खुडून पाहिले, तर घरी आल्यावर ती भाजी ते ताटात ढकलून देत नाहीत.

खारा वारा (मडगाव)

मी तरुणपणी गावच्या संघातून फुटबॉल खेळलो. ज्या गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकर आणि ब्रुनो कुतिन्यो यांच्यासारखे भारताचे कर्णधार दिले आणि ज्याने २०१२ मध्ये फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली, तेथील आमच्या पिढीचे मैदान म्हणजे भाताची कापणी झालेले शेत. नोव्हेंबरात कापणी संपली की दोन बांबू रोवून गोल उभा राहत असे. आज सासष्टीत पुष्कळ शेते पडीक आहेत, त्यांत झुडपे वाढली आहेत, तर काही ठिकाणी मातीचा भराव पडला आहे. शेती टिकली तर ताटातला उकडा तांदूळ टिकेल आणि खेळायची जागाही टिकेल. हे दोन विषय वेगळे नाहीत, एवढे मला येथे नोंदवायचे आहे.

मुलग्यांच्या पालकांसाठी आणखी एक सूचना. सोळा-सतरा वर्षांची मुले व्यायामशाळेत जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे; परंतु तेथे कोणी डब्यातील भुकटी किंवा गोळ्या विकत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अंडी, मासे, डाळ आणि दूध एवढ्यावर आमचा संघ नव्वद मिनिटे धावत असे.

मैदान (पेडणे)

माटोळीताईंचे रानफेरीचे उदाहरण मी शाळेत मांडणार आहे. पावसाळ्यासाठी आम्ही एक उपाय सुरू केला आहे, तो येथे लिहितो. गावच्या देवळाचा सभामंडप देवस्थान समितीने संध्याकाळी तासभर मुलांसाठी उघडून दिला. तेथे चेंडूचे खेळ चालत नाहीत, म्हणून सूर्यनमस्कार, दोरीउड्या, लेझीम आणि फुगडी घेतो. फुगडीकडे केवळ चतुर्थीचा कार्यक्रम म्हणून पाहू नये. वेगाने घातलेल्या कट्टी फुगडीच्या पाच फेऱ्यांत चांगल्या धावपटूलाही धाप लागते, आणि तिला गावातील आज्या शिकवायला येतात, त्यामुळे मुलींच्या घरून नकार येत नाही. शिगम्याच्या आधी मुलग्यांना गोफ आणि तालगडी शिकवण्याचा विचार आहे.

अबोली (बार्देश)

सर, सभामंडपाची कल्पना आमच्या गावातही सांगेन. पण मला पावसाळा संपल्यावर मैदानच हवे आहे. दिवा आणि शौचालय यांसाठी कोणाकडे जावे लागते? मी अठरा वर्षांची नाही, त्यामुळे माझे कोणी ऐकेल का?

वाडा (तिसवाडी)

मी पूर्वी पंच म्हणून काम केले आहे, म्हणून उत्तर देतो. ग्रामसभेत मतदार असलेली व्यक्ती प्रश्न मांडू शकते, तेव्हा तुझ्या आईने किंवा वडिलांनी पंचायतीच्या सचिवांकडे आधी लेखी निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. निवेदनात 'मैदान सुधारा' असे मोघम लिहू नये. दिव्याचा खांब कोणत्या बाजूला हवा, शौचालयासाठी कोणती जागा आहे, ती जमीन पंचायतीची, कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) की शाळेची, हे स्पष्ट लिहावे, कारण जमीन कोणाची हे ठाऊक नसल्यामुळेच बहुतेक अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात. त्याबरोबर एक मागणी अशी करावी की तिला पैसा लागत नाही : आठवड्यातील ठरावीक दिवशी संध्याकाळी पाच ते सहा मैदान मुलींसाठी राखून ठेवावे आणि त्या वेळी कडेला वाहने उभी करू देऊ नयेत. असा ठराव त्याच सभेत संमत होऊ शकतो. सभेला तुम्ही मैत्रिणी आपापल्या आयांबरोबर येऊन बसा. निवेदनाचा मसुदा येथे टाकलास, तर मी तपासून देईन.

अबोली (बार्देश)

आभारी आहे. जमीन कोणाची आहे, ते उद्या आजोबांना विचारते आणि रविवारपर्यंत मसुदा लिहून येथे देते.